गोंदिया वाटेत येत नाही

सेक्टर १०, भिलाई
१२ मार्च १९६४

मामाजी,

इथूनच पाया पडते. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असेल. मी रत्नमाला, तुमची सून. लग्नाला तीन वर्षं झाली, पण अजून आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा. काम रेल्वेचं आहे, आणि रेल्वेच्या कामाला तुम्ही कधी पाठ दाखवली नाही असं मी ऐकून आहे.

हे पत्र तुमच्या मुलाला ठाऊक नाही. ते आता पहिल्या पाळीला गेलेत. संक्रांतीनंतर त्यांना टायफॉइड झाला होता. घाबरू नका, आता बरे आहेत, पण अंगात जोर नाही आणि रेल मिलमध्ये भट्टीतून निघालेल्या लाल लोखंडासमोर उभं राहायचं. डॉक्टर म्हणाले, मे महिना इथे काढू नका, कुठेतरी थंड हवेत जा. मिलमधल्या एकाच्या ओळखीनं चिखलदऱ्याला बंगला मिळाला आहे, परतवाड्याच्या कापडवाल्याचा. तीन खोल्या, वर टिनाचं छत, समोर पडवी. मे महिन्याचा दुसरा आठवडा आपला.

आता जायचं कसं, यावर घरात महाभारत सुरू आहे. यांचे दोस्त भैयालाल, त्यांच्या मेहुण्याची जुनी लँडमास्टर मोटार आहे. दोन्ही कुटुंबं मिळून मोटारीनं जाऊ, असा यांचा बेत. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा, नागपूर, सरळ सडक. मी आपलं सहज विचारलं, “आणि गोंदिया?”

“गोंदिया वाटेत येत नाई,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांचा बाप जन्मभर गार्ड होता, त्यांना एकाएकी मोटारीचं एवढं प्रेम का, ते कळलं. सडक गोंदियाला डावलून जाते. आगगाडी मात्र गोंदियाला थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

म्हणून मला आगगाडी पाहिजे. आणि त्या गाडीत गोंदियाहून तुम्ही पाहिजे. बंगल्यातली एक खोली तुमची. तुम्ही बापलेक त्या पडवीत बसून एकमेकांशी चार शब्द बोलावेत, एवढंच माझ्या मनात आहे. थंड हवा हे निमित्त.

मला फक्त गाड्या कळवा. दुर्गहून कोणती धरायची, कुठे बदलायची. घरात सव्वादोन वर्षांची पोरगी आहे, तुमची नात. तिचं नाव तुमच्या मुलानं एकट्यानं ठेवलं, मला विचारलंसुद्धा नाही. काय ठेवलं ते मी पत्रात लिहिणार नाही. ऐकायचं असेल तर यावं लागेल.

रत्नमाला


सेक्टर १०
२६ मार्च १९६४

मामाजी,

पाया पडते. तुमचं कार्ड मिळालं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे: “दुर्गहून सकाळची एक्सप्रेस. बडनेऱ्यास उतरणे. अमरावतीची गाडी जोडूनच असते. मोटरस्टँडवरून परतवाडा, तेथून घाटाची बस. बसमध्ये पुढे बसणे, मागे उलट्या होतात. सुरई सोबत घेणे. कृष्णराव.”

ना चि., ना आशीर्वाद, ना येतो, ना येत नाही. तरी “सुरई सोबत घेणे” हे मी आशीर्वादातच जमा केलं.

मामाजी, तुमचा राग मला ठाऊक आहे. तुम्ही मुलासाठी रेल्वेत जागा पाहून ठेवली होती, मुलगीही पाहून ठेवली होती. त्यांनी जागा सोडून भिलाईचा कारखाना धरला आणि मुलगी सोडून मला केलं, साकोलीकडच्या शेतकऱ्याच्या पोरीला, जी भावाकडे भिलाईच्या कॅंप-१ वस्तीत राहायला आली होती. राग येणारच. पण एक सांगू? ते रेल्वेतून पळाले म्हणता, तर ते कारखान्यात बनवतात काय? रूळ! तुमची गाडी त्यांच्या रुळांवरून जाईल. रेल्वेपासून सुटका या घराच्या नशिबात नाही.

पण माझाही एक राग आहे, तो आज बोलून टाकते. लग्नानंतर यांनी तुम्हाला लिहिलं होतं, की अमुक गाडीनं सुनेला घेऊन येतो, सून मान्य असेल तर स्टेशनवर या, नसेल तर आम्ही उलट्या पावली परत जाऊ. आठवतं? मी हिरवं लुगडं नेसले होते. आम्ही मुद्दाम शेवटच्या डब्यात बसलो, कारण हे म्हणाले, “बाबा मागंच उभे राहतात. गार्डाचा डबा जिथं थांबते तिथं. लहानपणापासून मी त्यांले तिथंच भेटलो.”

गोंदियाला गाडी थांबली. आम्ही उतरलो. तिथे कोणी नव्हतं. गाडी निघून गेली तरी कोणी नव्हतं. हे फलाटाच्या त्या टोकाला उभे, हातात माझी पेटी. पलीकडच्या फलाटावर दुर्गकडची पॅसेंजर उभी होती. यांनी माझा हात धरला, रूळ ओलांडले आणि आम्ही त्या गाडीत बसलो. राजनांदगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेरच पाहत होते. मी नवी नवरी, मला वाटलं आता हे मलाच टाकून देतील. तसं काही झालं नाही, पण त्या दिवशी यांच्या मनातलं एक दार बंद झालं, ते झालंच.

तुम्ही आला का नाहीत, मामाजी? एवढी का मी वाईट होते, न पाहताच?

रत्नमाला


सेक्टर १०
६ एप्रिल १९६४

मामाजी,

पाया पडते.

दुपारी पोस्टमन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तुमचं कार्ड तशाच हातांनी घेतलं, त्यावर पिठाची बोटं उमटली आहेत. “मी स्टेशनच्या फाटकाबाहेर होतो. सून येणार म्हणून शेजारच्या बेबीताई भाकरतुकडा व पाण्याचा लोटा घेऊन सोबत होत्या. टांगा सांगितला होता. शेवटच्या डब्याकडे गेलो नाही. ती ड्यूटीची जागा. सुनेस घेण्यास तेथे कसे जावे? सर्व लोक बाहेर आले, तुम्ही आला नाहीत. एक एप्रिलपासून एक्सप्रेसची वेळ बदलली आहे, सुधारून घेणे.”

मी चुलीपुढेच बसून रडले. पोळी जळली. पोरगी म्हणते, आई, धूर डोयात गेला का?

म्हणजे तुम्ही सगळ्यांसारखं फाटकावर जाऊन उभे राहिलात, जन्मात एकदा, माझ्यासाठी. आणि तुमचा मुलगा तुमच्यासाठी तुमच्या जागेवर उभा राहिला. मधे अख्खा फलाट! आणि हे रेल्वेच्या घरात वाढलेले, फाटकाकडे फिरकलेच नाहीत, रूळ ओलांडून पसार. शेतकऱ्याचा मुलगा असता तर माणसांमागे फाटकातून बाहेर आला असता आणि सरळ तुमच्या पायाशी पडला असता.

संध्याकाळी मी कार्ड यांच्या हातात दिलं. चोरून पत्रं लिहिते म्हणून ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. खाटेवर बसून वाचलं, परत वाचलं. मग विचारलं, “टांगा सांगितला होता?”

“लिहिलं तर हाय.”

“बाबा टांगा करत नाईत कधी. आई दवाखान्यात होती तवा बी पायीच जात.” कार्ड उलटवून पाहत म्हणाले, “फाटकावर उभे राहिले म्हणते. माझा बाप जन्मात फाटकातून घरी आला नाई. यार्डातून येत होता.”

“मंग आता तरी आगगाडीनं जाऊ ना?”

ते उठले. बाहेर जाऊन झाडांना पाणी घालू लागले, आधीच घातलेल्या झाडांना. मी मागे गेले तेव्हा म्हणाले, “तीन वर्स झाले, रत्ना. तीन वर्स म्या त्यांले दोष देऊन राहिलो. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?”

आणि मोटारीचा बेत तसाच ठेवला. मला वाटलं होतं खरं कळलं की संपलं. पण मामाजी, रागाची समजूत घालता येते, लाजेची कशी घालू? आधी ते तुमच्यावर रुसले होते, आता स्वतःवर रुसले आहेत. हे जास्त अवघड दिसतं.

रत्नमाला


सेक्टर १०
२१ एप्रिल १९६४

मामाजी,

पाया पडते, पण आज मी तुमच्यावर चिडले आहे आणि ते लपवणार नाही.

हे काय कार्ड पाठवलंत? “मोटारीनेच जावे. माझ्यासाठी वाट वाकडी करू नये. घाटात ड्रायव्हरशी बोलू नये.” मी इथे एकेक वीट रचत आहे आणि तुम्ही तिकडून धक्का मारता! खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही. एकाला तोंड दाखवायची लाज, दुसऱ्याला वाट वाकडी करायला लावायची लाज. दोघांच्या लाजेत माझी पोरगी आजोबावाचून वाढते आहे.

परवा भैयालाल मोटार घेऊन आले. कॉलनीतली सगळी पोरं गोळा झाली. भैयालाल साधे, मनात आलं ते बोलतात. यांना म्हणाले, “श्यामभाऊ, पिताजी गोंदिया में हैं ना? देवरी से अंदर घुमा लेंगे, कितना लगता है! त्यांले बी घेऊन घेऊ.”

यांनी मान खाली घातली. “नाई भाई. ते वाटेत येत नाई.”

मी तिथेच उभी होते. मोटारीच्या काचेत मला यांचं तोंड दिसत होतं. त्या तोंडाला वाट वाकडी करायची होती, मामाजी. जिभेलाच धीर होत नव्हता.

भैयालाल गेल्यावर मी तुमचं ते चिडकं कार्ड यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचा म्हटलं, तुमच्याच वाणाचे आहेत. त्यांनी वाचलं आणि जेवण अर्धं ठेवून उठले. आज पाळीवरून आले ते सायकल न लावताच म्हणाले, “भैयालालले नाई म्हणून आलो.”

“कावून?”

“पोरीले मोटारीत उलटी होते.”

मामाजी, पोरगी जन्मात मोटारीत बसलेली नाही. मी हसू दाबलं आणि म्हटलं, हो, होते खरी. तेव्हा त्यांनी खिशातून तिकिटं काढली. पाळी सुटल्यावर सायकल हाणत दुर्गला गेले होते, तुमच्या कार्डावरची सुधारलेली वेळ सोबत घेऊन. तिकिटं आम्हा दोघांचीच. म्हणाले, “बाबाले पास असते. त्यांले तिकीट काढलं तर चिडतील.”

आता ‘येत नाही’ म्हणाल तर मी पोरीला घेऊन गोंदियाला उतरेन आणि फलाटावर बसून राहीन. शेवटच्या डब्यापाशी की फाटकापाशी, ते सांगणार नाही. शोधत बसा.

रत्नमाला


सेक्टर १०
३ मे १९६४

मामाजी,

पाया पडते. तुम्ही येताय! “पास काढला आहे. गोंदियास चढेन” हे वाचून मी पोरीला उचलून गरगर फिरवलं.

पण आता नवीनच भानगड झाली आहे. तुम्ही लिहिता, या वेळी चूक नको म्हणून तुम्ही तुमच्या जुन्या जागी, शेवटच्या डब्यापाशी उभे राहणार. आणि तुमचा मुलगा काय म्हणतो? “या वेळी बाबा फाटकावरच राहतील. आपण फाटकासमोर थांबते त्या डब्यात बसू.” म्हणजे परत तुम्ही इकडे, ते तिकडे! दोघांनी एकमेकांसाठी जागा बदलायची आणि मी मधे खिडकीतून मान काढून दोन्हीकडे पाहत बसायचं. गाडी तिथे थांबते ती केवढीशी.

मी म्हटलं, अहो, कार्डावर लिहिलंय ना शेवटचा डबा. तर म्हणाले, “ते लिहितात एक आन् ऐन वेळी करतात दुसरं. मागच्या खेपेला बी तसंच केलं.” त्यांना भीती वाटते, मामाजी. पेटी तीनदा भरून तीनदा रिकामी केली. काल विचारत होते, बाबा अजून तसेच ताठ चालत असतील का. तुम्ही दिसला नाहीत तर हा माणूस दुसऱ्यांदा सावरायचा नाही, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते.

म्हणून ऐका. हे पत्र पोचेल तेव्हा मधे थोडेच दिवस उरतील, उत्तर यायला वेळ नाही. तुम्हाला वाटेल तिथे उभे राहा. पण दिसा. एवढं करा.

रत्नमाला


चिखलदरा
१२ मे १९६४

मामाजी,

तुम्ही समोरच्या पडवीत बसला आहात आणि मी आत बसून तुम्हाला पत्र लिहिते आहे. हसू नका. तोंडावर बोलायला गेले की डोक्यावरचा पदर सावरण्यातच माझं बोलणं राहून जातं. कागदावर मात्र तुमच्याशी भांडायची सवय झाली आहे. हे पत्र मी चहाच्या बशीखाली ठेवणार आहे.

दुर्गच्या फाटकापाशी टिनाच्या पेटीवर एक म्हातारा माणूस ताठ बसलेला दिसला, तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. कसं ओळखणार? पण यांच्या हातातली वळकटी खाली पडली, तेव्हा ओळखलं.

“बाबा, तुम्ही इथं कावून?” यांचा आवाज लहान पोरासारखा निघाला.

आणि तुम्ही म्हणालात, “गोंदियाच्या फलाटाचा भरोसा नाई. तुम्ही गाडी जिथं धरता तिथंच येऊन बसलो. आदल्या दिवशीच आलो. तुले रूळ ओलांडाची खोड हाय, म्हणून रेल्वेचा एक खलाशी रुळाकडं बी उभा करून ठेवला.”

मामाजी, त्या वेळी मी पदराआड हसत होते की रडत होते, ते मलाच सांगता यायचं नाही.

मग तुम्ही पेटी उघडली आणि फडक्यात बांधलेली बेबीताईंची भाकर काढली. आदल्या दिवशीची, कडक झालेली. नळाचं पाणी लोट्यात घेतलंत आणि भर गर्दीत आम्हा तिघांवरून स्वतःच ओवाळू लागलात. हे बायकांचं काम, तुम्हाला जमत नव्हतं, अर्धं पाणी यांच्या चपलांवर सांडलं. हमाल म्हणाला, “बाबा, ये तो घर में करते हैं.” तुम्ही म्हणालात, “घरी कराचं राहून गेलं.” आणि भाकरीचा तुकडा डावीकडे टाकलात, एक उजवीकडे. हे तुमच्या पायांवर वाकले ते उठेचनात. तुम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “ऊठ आता. सिग्नल पडला.”

यांच्या मनात तीन वर्षांचं जे साचलं होतं, ते सगळं बोलायचं त्या सिग्नलपायी राहूनच गेलं. बरं झालं. गाडीत बसल्यावर तुम्ही दोघं रुळांच्या सांध्यांवर बोलत होता, नागपूर येईपर्यंत. मी पोरीला दाणे सोलून देत ऐकत होते. मला दुसरं काही नको होतं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. वाटभर तुम्ही पोरीचं नाव विचारलं नाही. “पोरी” म्हणत होता. मी वाट पाहत होते. मग इथे पहिल्या सकाळी यांनी पडवीतून हाक मारली, “मथुरा, सुरईशी खेळू नको!” आणि तुमच्या हातातला कप बशीत परत गेला नाही, हातातच राहिला. देवाघरी गेलेल्या सासूबाईंचं नाव. उठून बंगल्याला एक चक्कर मारून आलात.

त्यानंतरही तुम्ही तिला “पोरी” म्हणायचात, नाहीतर “ऐकतेस का?” मला यांनी सांगितलं आहे, की सासूबाईंनाही तुम्ही संसारभर “ऐकतेस का” हीच हाक मारलीत. लग्नात घास देताना नाव घेतलं असेल तेवढंच. मीही यांचं नाव घेत नाही, मला त्यात काही वाटत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात आलं, ज्याचं नाव घ्यायचं राहून गेलं ते माणूसच आता नसेल, तर ते नाव कुठे ठेवायचं?

काल आपण पंचबोल पॉइंटवर गेलो. तिथे हाक मारली की दरी ती परत परत पाठवते. भैयालाल असते तर गाणं म्हणाले असते. यांनी पोरीला उचलून “हो हो” केलं, पोरीनं किंचाळून घेतलं. तुम्ही मागे उभे होता, काठी टेकून. मग पुढे आलात. आजूबाजूला आमच्याशिवाय कोणी नाही हे पाहून घेतलंत, धोतराचा सोगा सावरलात, आणि गाडी सोडताना गार्ड जसा ताठ उभा राहतो तसे उभे राहिलात.

“मथुरा!”

इतक्या मोठ्यानं की यांनी चमकून पाहिलं. दरीनं ते नाव घेतलं आणि परत दिलं, आणि परत, आणि परत. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. आणि तुमचं बोट धरून उभी असलेली पोरगी, तिला काय ठाऊक प्रतिध्वनी कशाला म्हणतात, ती दर वेळी दरीकडे पाहून ओरडत होती:

“ओ! आली, आबाजी!”

रत्नमाला